समोर ग्वारीघाट

आषाढ शु. १०

पोचलो. माघापासून पाय झिजवले आणि येऊन टेकलो कुठे, तर आपल्याच घरासमोर! मधे फक्त मैया.

नर्मदा जयंतीला समोरच्या ग्वारीघाटावरूनच परकम्मेला, मैयाच्या प्रदक्षिणेला, निघालो होतो, मी आणि वन्सं. त्या तीराने अमरकंटक, तिथे उगमाला वळसा, आणि आता ह्या तीराने खाली. मंडल्याला वन्संना हिवताप धरला, तिथे बरेच दिवस गेले. नाहीतर एव्हाना पार पुढे असतो. उद्या एकादशी. चातुर्मासात परकम्मावासी जागचा हलत नाही. म्हणजे कार्तिकापर्यंत मुक्काम इथेच, ह्या धर्मशाळेत.

ओसरीतून घाटाच्या पायऱ्या दिसतात, देवळाची निशाणं दिसतात, वरचे टांगेसुद्धा. जायचं मात्र नाही. फेरी पुरी होईतो मैया उजव्या हाताला ठेवायची, तिचं पाणी ओलांडायचं नाही. ओलांडलं की परकम्मा तुटली.

वन्संना गंमत वाटते. "बरंच झालं. इथून मी खोकलली तर बाळ्याला घरी ऐकू जाईल." बाळ्या म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे. कचेरीत हेडक्लार्क, केस पांढरे, तरी बाळ्याच.

आषाढ शु. १२, रवि.

हे सकाळच्या नावेने आले. छत्री, चिवड्याचा डबा. आधी माझ्या पायांकडे बघितलं. छत्री मिटून बसले. मग एकदम, "मनूला सातवा लागला."

मी हातातली पळी टाकली आणि हसत सुटले. मग रडले. वन्सं म्हणाल्या, "आता काहून रडून राहिली?" मला तरी कुठे ठाऊक.

कार्टीला माघात माहीत होतं! मी निघताना पाया पडली, तोंडातून अवाक्षर नाही. दोनदा कूस रिकामी झाली, म्हणून ह्या वेळी पाचवा सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे. मला, आईला, नाही! दुसऱ्या वेळी विहीणबाई चार बायकांत बोलल्या होत्या, ह्या झाडाला फळ धरत नाही म्हणून. ते ऐकूनच मी मैयाला बोलले होते, तिची कूस भर, मी तुझ्याभोवती चालेन. मैयाने वाटसुद्धा बघितली नाही, आधीच भरून ठेवली होती. किती उपकार मानू?

हे गेल्यावर डोकं चाललं. सातवा, आठवा, नववा. भाद्रपद. मनूचं हे पहिलंच बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. माहेरी बाई कोण? मी इकडे, वन्सं इकडे. घरात एकटे हे, ज्यांना चहा ठेवला तर दूध सापडत नाही.

मैये, दिलंस तूच, आणि आडवी पडलीस तीही तूच.

आषाढ व. ४, रवि.

जावई मनूला घेऊन अमरावतीहून आले. आठव्यात प्रवास नको म्हणून आत्ताच. स्टेशनवरून टांगा सरळ घाटावर आणला. ह्यांनी नावाड्याबरोबर, सुक्खूबरोबर, आधी निरोप धाडला होता, म्हणून मी पाण्यापर्यंत जाऊन उभी.

हिरवं लुगडं दिसलं. तोंड नाही दिसलं, लांब फार. दोन्ही हात वर करून हलवत होती. मीही हलवले. ओरडले, "पायरीवर जपून ग!" वारा उलटा. नंतर हे म्हणाले, एक शब्द पोचला नाही, पण मनू म्हणाली, आई पायरीवर जपून म्हणत असेल.

तिला नावेत बसवायला मीच मनाई केली. पाणी चढतंय.

आषाढ व. ६

तिघांचं तीन तऱ्हेचं.

ह्यांचं परवा म्हणून झालं: "बायको आजारी म्हटलं की साहेबसुद्धा रजा देतो. मैया काय साहेबापेक्षा कठोर आहे? तू चल. पुन्हा कधी पहिल्यापासून चालशील."

वन्संचं: "नवस तू बोलली, मैया नाही बोलली. तोडायचा तर तोड, मी काही म्हणत नाही. पण मग मैयानं तोडवला असं नको म्हणू."

आणि माझं? माझं असं, की नवस ह्याच गर्भासाठी. तो तोडून पलीकडे गेले आणि पोरीचं काही बरंवाईट झालं, तर मी तोडला म्हणून झालं. नाही गेले आणि झालं, तर आई असून गेली नाही म्हणून. दोन्हीकडून मीच. दिवसभर हेच दळण. पीठ काही पडत नाही.

श्रावण शु. ५

नागपंचमी. गावातल्या केवटणींनी, नावाड्यांच्या बायकांनी, लाह्या आणून दिल्या. परकम्मावासी म्हणून पाया पडतात, मला मेल्यासारखं होतं. मनात तर नावेचा विचार.

आज आंघोळीला उतरले तेव्हा मैयाला स्पष्ट सांगितलं. मला अक्कल नाही. मला ठरवता येत नाही. तू ठरव, आणि मला कळेल अशा बेताने सांग, मी मंद आहे. तोवर मी बसते. उद्याचं उद्या.

जरा बरं वाटलं. भाकरी दोन खाल्ल्या.

श्रावण शु. ११, रवि.

ह्यांच्या हाती दुपटी पाठवली. माझं जुनं लुगडं फाडून शिवली, चालून चालून मऊ झालेलं. वन्संचे टाके बारीक, माझे असे की वन्सं म्हणाल्या, "हे पोराच्या अंगावर उठतील."

शेजारच्या शुक्लाइन बाई मनूला रोज बघून जातात. दूध-हळद देतात. "दीदी से कहना, हम हैं ना." देव त्यांचं भलं करो. पण त्यांच्या घरी सासू अंथरुणाला. बाळंतिणीचं न्हाणंमाखणं, शेक, रात्रंदिवस, ते कसं व्हायचं त्यांना?

श्रावण व. ३, रवि.

हे सांगणार नव्हते, पण ह्यांच्या पोटात काय राहिलंय आजवर. मनू म्हणाली होती, "बाबा, आईला सांगू नका, पण मला फार भीती वाटते."

झालं.

श्रावण व. ४

गाठोडं बांधलं. वन्संना सांगितलं, मी जाते. त्यांनी वर बघितलं नाही, तांदूळ निवडत राहिल्या. "जा. लेक आहे." एवढंच. भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

नावेपाशी गेले. सुक्खूने फळी टाकली. "आओ माई, पाँव सँभाल के." पाय उचलला. खरंच उचलला. आणि तो खाली ठेववेना, ना फळीवर ना चिखलात. अशी बगळ्यासारखी किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी म्हटलं, "सुक्खू, कल."

"अच्छा माई, कल सही."

श्रावण व. ७

रोज जाते. रोज "कल" म्हणून परत येते. सुक्खू आज म्हणाला, "माई, तुम्हारा कल बड़ा लंबा है." नावेतली माणसं हसली. मीही हसले, काय करणार.

भ्याले म्हणून जात नाही की श्रद्धा म्हणून, मलाच कळत नाही. वन्संना विचारलं. म्हणाल्या, "कळलं नाही तर बसावं. पाय दुखत नाही बसल्यानं."

श्रावण व. ९

आजचं सगळं नीट लिहून ठेवते, विसरायला नको.

सकाळी गाठोडं घेऊन पुन्हा पाण्याशी. नाव पलीकडून येत होती. मधोमध एक बाई, डोक्यावरून पदर, मांडीवर पितळी डबा, दोन्ही हातांनी नावेची कड धरलेली. जवळ आली तर विहीणबाई! अमरावतीहून! मी गाठोडं पाठीमागे लपवलं. का लपवलं देव जाणे.

उतरताना सुक्खूचा खांदा सोडेनात. सुक्खूने सांगितलं, "पूरे रस्ते आँख मूँदे रहीं." त्यांना पाण्याचं भय आहे, लग्नाच्या वेळीही तलावाच्या बाजूने जात नव्हत्या.

आता विहीण आली म्हणजे पाय धुवायचे, पाट, रांगोळी, पंचपक्वान्न. माझ्याकडे काय? एक तांब्या आणि सदावर्ताची खिचडी. मैयाचंच पाणी घेतलं आणि पाय धुवायला वाकले. त्यांनी पाय मागे ओढला. "काहून लाजवता? पाय तुमचे धुवायला पाहिजे, चालून तुम्ही राहिल्या."

मग खाली चटईवरच बसल्या. वन्संनी खिचडी वाढली, ती खाल्ली, मीठ मागून घेतलं. मग म्हणाल्या, "सून म्हणाली नाही मला. मुलगा बोलला. आई पलीकडं अडकून राहिली, नवसानं. मी विचारलं, कशाचा नवस? तो गप्प. तेव्हा समजलं मला, कशानं बोलला असाल."

मी त्यांचं ताट उचललं.

"जे बोलून गेली ते गेली," त्या म्हणाल्या. "आता ऐका विहीणबाई. नातवंड माझंही आहे. तुम्ही एकट्यानंच काहून फेडून राहिल्या? चालायचं तुम्ही चाला. बाळंतपण मी करते. तुमच्या घरी."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. सासूने व्याह्याच्या घरी राहून सुनेचं बाळंतपण करायचं? कुठल्या मुलखात झालंय? वन्सं तर उघडच म्हणाल्या, "लोक काय म्हणतील?"

"हसतील," विहीणबाई म्हणाल्या. "हसू द्या. अमरावतीत हसतील ते मला इथे ऐकू येत नाही."

मी त्यांच्या गळ्यात पडले. विहिणीच्या! दोघी रडलो. ज्या बाईचं एक वाक्य वर्षभर पायातल्या काट्यासारखं वागवलं, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि हलकी झाले. डब्यात डिंकाचे लाडू होते, मला आणि वन्संना. बाळंतिणीच्या आधी आम्हालाच.

परत जाताना त्यांनी नावेत बसल्याबरोबर डोळे मिटले. आज एका दिवसात दोनदा नदी ओलांडली त्या बाईने. मला एकदाही ओलांडावी लागली नाही.

गाठोडं सोडलं.

भाद्रपद शु. २, रवि.

हे आले. दाढी गुळगुळीत, धोतर पांढरंशुभ्र, चेहरा धाकातला. घरी आता विहीणबाईंचं राज्य. ह्यांना चपला दाराबाहेर काढाव्या लागतात, विडी अंगणाच्या पलीकडे. विहीण म्हणून मान द्यायचा आणि त्यांच्याकडूनच बोलणी खायची. "तुझी फार आठवण येते," म्हणाले. येईल नाहीतर काय.

मनू पोटभर जेवते. सासूच तेल चोळते. मनूने निरोप दिला, आता भीती वाटत नाही.

खुणा ठरवल्या, कारण सुक्खू म्हणतो पाणी वाढलं तर नावा बंद होतील. कळा सुरू झाल्या की घाटावरच्या बांबूला लाल लुगडं. सुटका होऊन दोघं सुखरूप असली की पिवळं. तिसरा रंग कुणी काढला नाही. मीही विचारलं नाही.

भाद्रपद शु. ७

रात्रीपासून धो धो. घाटाच्या खालच्या पायऱ्या गेल्या. नावा बंद, सगळ्या ओढून वर घेतल्या. मैया लाल झालीय, अख्खी झाडं वाहून चालली आहेत.

वन्संनी घरून आलेल्या प्रसादाच्या साखरेने ओसरीतच गौरीला नैवेद्य दाखवला.

भाद्रपद शु. ९

लाल. सकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा दिसलं. बांबूला लाल लुगडं, ओलं, चिकटलेलं. वन्संनाही दिसलं, म्हणजे भास नाही.

मग पुन्हा पाऊस. समोरचं सगळं पुसलं गेलं.

श्रावणात पाय उचलायचा की नाही हा प्रश्न होता. आता नावच नाही, प्रश्नही नाही. ह्यात सुटका आहे की शिक्षा, कळत नाही. विहीणबाई आहेत. शुक्लाइन आहेत. लेडी डॉक्टरीण सांगून ठेवली आहे. आई नाही. न.ह.

तेच पुन्हा पुन्हा म्हणते, नर्मदे हर. दुसरं काही सुचत नाही.

भाद्रपद शु. १०

काही दिसत नाही. दुपारी थोडं उघडलं, तेव्हा बांबूच दिसला नाही. वाहून गेला? काढला? काढला तर का?

वन्सं म्हणतात, पुराने नेला. "मैयानं बांबू नेला, त्याचा अर्थ बांबू नेला. एवढाच." हे म्हणून पुन्हा बांबूच्या जागीच बघत बसल्या.

मैयावर चिडले. वाटेल ते बोलले. तुझ्याभोवती चालतेय ना मी? एवढ्या काट्याकुट्यांतून, तापाच्या बाईला सांभाळत? मग? काठाला बसून मोठ्याने भांडले. गावच्या केवटणी आल्या, मला वाटलं समजावतील. त्या नुसत्या शेजारी बसल्या. एकीने घोंगडी टाकली अंगावर. मग भजन धरलं हळू आवाजात. त्यांच्यातल्या कुणाला माझ्या मनूचं नावही ठाऊक नाही. त्यांनी विचारून घेतलं आणि भजनात घातलं.

भांडण तिथे संपलं. म्हटलं, जे असेल ते तुझ्या ओटीत. मी हात काढून घेतला.

भाद्रपद शु. ११

पिवळं! पिवळं! पिवळं!

बांबूला नाही, घाटावरच्या पिंपळाच्या शेंड्याला. एवढ्या उंच कोण चढलं? वन्संनी आधी बघितलं आणि बोलता येईना म्हणून माझा दंड पिरगळला. काळानिळा झालाय.

दोघं सुखरूप. मुलगा की मुलगी, काही ठाऊक नाही आणि आज त्याचं काही नाही. केवटणी नाचल्या. वन्संही, कुणी बघत नाही असं समजून.

मैये, काल जे जे बोलले ते सगळं परत घेते. नाही, घेत नाही. तू ऐकून घेतलंस, तेवढं पुरे.

भाद्रपद शु. १४

नाव सुरू झाली. पहिल्या नावेने हे. मुलगी! पहाटे झाली, सकाळीच हे पिवळं लुगडं घेऊन घाटावर आले तर बांबू नाही. मग कुणा मल्लाहाला पिंपळावर चढवलं.

मूल आडवं होतं म्हणे. डॉक्टरीणही घाबरली. विहीणबाईंनी मनूला मागून धरलं होतं सबंध वेळ, सोडलं नाही. पोरीचा रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी ह्यांना हाक मारली, "ऐकलं का व्याहीबुवा? झाडाला फळ धरलं." आणि स्वतःच तोंडात पदर कोंबून रडल्या. कुणी काही म्हटलं नव्हतं त्यांना.

मला सांगताना हेही रडले. मग चिवडा मागितला.

मनूला ताप आहे पण. बाळंतपणानंतरचा. डॉक्टरीण म्हणाली, जपावं लागेल.

आश्विन शु. ८

मनूचा ताप कधी उतरतो, कधी चढतो. दिवसाआड निरोप येतो. विहीणबाई अमरावतीला गेल्याच नाहीत, नवरात्र आमच्या घरी बसवलंय त्यांनी. दोन कुळांचे देव एका देवघरात. ह्यांची पंचाईत, कुणाला आधी फूल वाहायचं.

आता माझ्या पायात "कल" येत नाही. पोरीला पाहायची ओढ आहे, फार आहे, रात्री नुसत्या कुशी बदलते. पण ओढ आहे म्हणून नावेकडे जावंसं वाटत नाही. तिथे माझ्यापेक्षा बरे हात आहेत. हे एरवी मला कधी कबूल करता आलं नसतं.

वन्सं म्हणतात, शहाणी होऊन राहिली तू. बघू किती दिवस टिकतं.

कार्तिक शु. ५

मनू उठून बसली. चार पावलं चालली. ताप नाही. परमेश्वरा, परमेश्वरा.

बाळ दुपट्यात घट्ट निजतं. टाके उठत नाहीत अंगावर, वन्संना मुद्दाम कळवलंय.

द्वादशीला आम्ही निघणार. पुढे होशंगाबाद, मग समुद्रापर्यंत, मग त्या तीराने परत. हे म्हणाले, निघायच्या आधी मनू बाळाला घेऊन येईल, विहीणबाईही. डॉक्टरीण नको म्हणते, वारा फार आहे पाण्यावर. विहीणबाई म्हणतात, बघू. मी निरोप दिला, आणू नका. मग मागून दुसरा दिला, मनूला जसं वाटेल तसं.

कार्तिक शु. १२

पहाटे आंघोळ झाली. मैयाची आरती, कढई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य, झाली. गावच्या बायकांनी कपाळभर हळदकुंकू लावलं. झोळ्या बांधल्या. वन्सं काठी घेऊन तयार.

समोरून नाव सुटली आहे. धुकं आहे पाण्यावर. तीन-चार माणसं, एक छत्री. छत्री ह्यांची, ती मी कुठेही ओळखीन. तिच्याखाली कोण बसलंय ते दिसत नाही. बसलेल्याच्या मांडीवर काही आहे का, तेही नाही.

असेल तर तुझी कृपा. नसेल तर मनू घरात उबेत आहे, तीही तुझीच. दोन्हीला मी हात जोडलेत, खरंच जोडलेत. तरी डोळे छत्रीखालीच जातात, ते काय करू.

वन्सं म्हणतात, "चल, ऊन चढेल."

म्हटलं, थांबा हो जरा. नाव मधोमध आली.